कागदाची बाहुली : खेळ, इतिहास आणि जपणूक

बाहुली म्हटली की आमच्या वऱ्हाडातल्या आयाबहिणींना आधी चिंध्यांची बाहुली आठवते. जुन्या लुगड्याचा तुकडा, पोटात सरकी काढलेला कापूस, काळ्या दोऱ्याचे केस आणि काजळाचे डोळे, एवढ्यावर ती तयार होई. तिला पैसा लागत नसे, म्हणून ती मजुराच्या घरातही असे. आता गुरुकुंज मोझरीला पुण्यतिथी महोत्सवात खेळण्यांची दुकाने लागतात, तेथे गोऱ्या रंगाच्या, सोनेरी केसांच्या प्लॅस्टिकच्या बाहुल्या टांगलेल्या दिसतात. मुली त्याच मागतात आणि आईबाप ऐपतीप्रमाणे घेऊनही देतात. यात कुणाला दोष देण्याचे कारण नाही. परंतु सुंदर कोण, मालकीण कोण आणि मोलकरीण कोण, हे बाहुली मुलीला न बोलता शिकवीत असते. म्हणूनच कौटुंबिक पानासाठी आम्ही यावेळी बाहुलीचा, त्यातही सर्वांत स्वस्त अशा कागदी बाहुलीचा विषय घेतला आहे.

कागदी बाहुली म्हणजे काय?

जाड कागदावर एक मुलगी किंवा बाई काढलेली असते. तिच्या मापाचे कपडे वेगळ्या कागदावर छापलेले असतात. कपड्यांच्या खांद्याला व कमरेला लहान लहान पट्ट्या असतात. त्या मागे दुमडल्या की कपडा बाहुलीच्या अंगावर बसतो. कात्री चालवता येणाऱ्या कोणत्याही मुलीला हा खेळ जमतो.

या खेळाचा छापील इतिहास युरोपात सुरू होतो. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये हातपाय हलणाऱ्या पुठ्ठ्याच्या आकृत्यांचे मोठे वेड होते. त्यांना ‘पांतँ’ म्हणत, आणि त्या मोठी माणसेच खेळत. 1810 साली लंडनच्या एस. अँड जे. फुलर या प्रकाशकांनी ‘लिटल फॅनी’ची गोष्ट काढली. पुस्तकासोबत निरनिराळ्या पोशाखांतल्या आकृत्या होत्या आणि डोके एकच होते. गोष्ट पुढे सरकेल तसे ते डोके एका आकृतीतून काढून दुसरीत बसवायचे. ही फॅनी हट्टी वागते, घराबाहेर पडते, गरिबीचे दिवस बघते आणि शेवटी शहाणी होऊन परत येते. असली पुस्तके हाताने रंगवलेली असत, म्हणून ती श्रीमंतांच्याच घरी जात.

पुढे रंगीत शिळाछपाई आली आणि बाहुली स्वस्त झाली. अमेरिकेत 1859 साली ‘गोडीज लेडीज बुक’ या स्त्रियांच्या मासिकाने कागदी बाहुली अंकातच छापली. तेव्हापासून मासिकांच्या पानांत बाहुली देण्याची रीत पडली. 1908 मध्ये ‘लेडीज होम जर्नल’मध्ये लेटी लेन आली आणि 1951 मध्ये ‘मॅकॉल्स’ मासिकात बेट्सी मॅकॉल आली. 1930 नंतरच्या मंदीच्या काळात घरोघर पैशाची ओढाताण होती. तेव्हा काही पैशांत मिळणारी किंवा वर्तमानपत्रासोबत फुकट येणारी ही बाहुली गरिबांच्या मुलींची सोबतीण झाली. 1959 साली बार्बी ही प्लॅस्टिकची बाहुली बाजारात आली. त्यानंतर कागदी बाहुलीचे दिवस हळूहळू ओसरले.

जपानमध्ये कागदी बाहुलीचा अर्थ वेगळा आहे. तेथे कागदाची माणसे करून, आपली पीडा त्यांच्यावर उतरवून ती नदीत सोडण्याची जुनी प्रथा होती. 3 मार्चच्या मुलींच्या सणाचे मूळ त्या प्रथेत सांगितले जाते.

महाराष्ट्रातले कागदावरचे लोक

आपल्याकडे कपडे बदलणारी छापील बाहुली फारशी रुजली नाही. पण कागदावरच्या माणसांना कपडे चढवण्याची हौस होती. राजा रविवर्मा यांच्या नावाचा छापखाना 1894 साली मुंबईत निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवली येथे गेला. त्या छापखान्याची रंगीत चित्रे खरेदी करून बायका त्यांतल्या आकृत्यांवर खऱ्या कापडाचे तुकडे, जर, टिकल्या व मणी शिवत. चित्रातली बाई अशी खरे लुगडे नेसून काचेच्या चौकटीत बसे. अशी सजवलेली चित्रे आज संग्राहक मोठ्या आवडीने शोधतात. ज्या बायकांनी ती शिवली, त्यांची नावे मात्र चौकटीवर नसतात.

कागदी बाहुलीच्या सर्वांत जवळची आपली कला मात्र कोकणात आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळ तालुक्यात पिंगुळी हे गाव आहे. तेथला ठाकर आदिवासी समाज चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्यांचा सावलीचा खेळ पिढ्यान् पिढ्या करीत आला आहे. चित्रकथी म्हणजे चित्रे दाखवून सांगितलेली कथा. हातकागदावर रंगवलेल्या दोन चित्रांच्या पाठी एकमेकींना चिकटवतात, त्यामुळे एका पानाला दोन बाजू होतात. एका कथेच्या सर्व पानांच्या गठ्ठ्याला ‘पोथी’ म्हणतात. सांगणारा एकेक पान उभे धरतो, वीणा, टाळ आणि हुडूक यांच्या साथीने गातो, आणि प्रसंग संपला की पान उलटतो. चित्रातली माणसे बहुधा एका बाजूने पाहणारी असतात, त्यांचे डोळे मोठे असतात आणि अंगावरची वस्त्रे ठसठशीत असतात. कथा रामायण-महाभारतातल्या, पण त्या सांगण्याची रीत या समाजाची स्वतःची.

सावंतवाडी संस्थानाचा या कलेला आश्रय होता. 1948 साली संस्थाने विलीन झाली आणि तो आधार गेला. मग सिनेमा आला, घरोघर दूरदर्शन संच आले. देवळात रात्रभर बसून कथा ऐकणारे कमी झाले. कलावंताला दुसरी मजुरी बघावी लागली. याच काळात शहरातल्या व परदेशातल्या जाणकारांना या जुन्या पानांची किंमत कळली आणि पोथ्यांची पाने संग्राहकांच्या व संग्रहालयांच्या हाती गेली.

या गोष्टीला दोन बाजू आहेत आणि दोन्ही सांगितल्या पाहिजेत. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर यांनी आयुष्यभर गावोगाव फिरून दिवे, अडकित्ते, भांडी, खेळणी, चित्रे अशा हजारो घरगुती वस्तू गोळा केल्या. लहानपणीच गेलेल्या आपल्या राजा या मुलाच्या नावाने त्यांनी संग्रहालय उभे केले आणि 1975 साली ते महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केले. त्यांच्या संग्रहात चित्रकथीची पाने आहेत. ती तेथे नसती तर वाळवीने खाल्ली असती, असे म्हणायला जागा आहे. दुसरी बाजू अशी की पोथीतले एक पान वेगळे काढून भिंतीवर टांगले की ते नुसते चित्र होते. त्याच्या आधीचा प्रसंग गेला, नंतरचा गेला, आणि ते पान हातात धरून गाणारा तर कधीच गेला.

यावर पिंगुळीच्या परशुराम विश्राम गंगावणे यांनी जो मार्ग काढला तो आपण ध्यानात ठेवण्यासारखा आहे. त्यांनी आपल्या गुरांच्या गोठ्याचेच संग्रहालय केले. 2006 पासून ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ या नावाने ते चालू आहे. घरातल्या जुन्या पोथ्या, बाहुल्या, वाद्ये तेथे मांडली आहेत. येणाऱ्याला त्या नुसत्या बघायला मिळत नाहीत, तर त्यांचा खेळही त्याच घरातली माणसे करून दाखवतात. मुलांना ती कला शिकवली जाते. 2021 साली भारत सरकारने गंगावणे यांना पद्मश्री दिली. मोठी इमारत नाही, देणगीदार नाही म्हणून ते थांबले असते तर आणखी काही पाने गावाबाहेर गेली असती. वस्तू ज्या समाजाची, त्याच समाजाने ती राखली, तर वस्तूबरोबर तिची भाषा आणि तिचे गाणेही राहते.

बाहुलीचा रंग कोणता?

आता पुन्हा अमेरिकेकडे वळू. जोतीराव फुले यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक निग्रोंना दास्यातून मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केले होते. त्यामुळे तिकडच्या काळ्या माणसांचे सुखदुःख आपल्याला परके नाही.

‘अंकल टॉम्स केबिन’ या कादंबरीतल्या टॉप्सी या गुलाम मुलीची कागदी बाहुली मॅक्लाफलिन बंधूंच्या छापखान्याने 1863 च्या सुमारास काढली होती. त्यानंतर अनेक वर्षे काळी बाहुली म्हणजे एक तर फाटक्या कपड्यांतली हसण्यासाठी काढलेली पोर, नाही तर डोक्याला फडके बांधलेली लठ्ठ मोलकरीण. गोऱ्या बाहुलीला मेजवानीचे झगे, काळ्या बाहुलीला हातात झाडू. हे कागद गोऱ्या मुलींनी कापले तसे काळ्या मुलींच्याही नजरेला पडले.

याचा मुलांच्या मनावर काय परिणाम होतो, हे केनेथ क्लार्क आणि मेमी क्लार्क या काळ्या पतिपत्नींनी तपासले. दोघेही मानसशास्त्रज्ञ होते. न्यूयॉर्कच्या ज्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 ते 1916 या काळात शिकले, त्याच विद्यापीठात पुढे या दोघांनी पीएच.डी. मिळवली. त्यांनी आरंभी कागदावर काढलेल्या मुलांच्या आकृत्या वापरल्या, नंतर चार बाहुल्या घेतल्या. दोन गोऱ्या, दोन तपकिरी, बाकी सगळे सारखे. तीन ते सात वर्षांच्या काळ्या मुलांना ते विचारीत, यातली चांगली बाहुली कोणती? वाईट कोणती? तुझ्यासारखी दिसणारी कोणती? बहुसंख्य मुलांनी गोरी बाहुली चांगली म्हणून उचलली. शेवटच्या प्रश्नाला काही मुले रडू लागली, काही उठून निघून गेली. आपण जिला वाईट म्हटले तिच्यासारखेच आपण आहोत, हे त्या लेकरांच्या लक्षात आले होते. 17 मे 1954 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला. त्या ब्राऊन खटल्याच्या निकालात क्लार्क यांच्या लेखनाचा तळटीपेत उल्लेख आहे.

न्यायालयाबाहेर हेच काम एका बाईने कागद आणि रंगाने केले. तिचे नाव जॅकी ऑर्म्स. जन्म 1911 चा, पेनसिल्व्हेनिया राज्यातला. पिट्सबर्ग शहरातून ‘पिट्सबर्ग कुरिअर’ नावाचे काळ्या समाजाचे साप्ताहिक निघे. दक्षिणेकडच्या राज्यांत ते उघडपणे विकणे धोक्याचे असे, तेव्हा रेल्वेच्या शयनयान डब्यांत हमाली व सेवा करणारे काळे कामगार त्याचे गठ्ठे लपवून नेत आणि गावोगाव पोचवीत. जॅकी ऑर्म्स यांनी 1937 साली याच पत्रात टॉर्ची ब्राऊन या तरुणीची चित्रमालिका काढायला सुरुवात केली. वर्तमानपत्रात चित्रमालिका काढणारी अमेरिकेतली पहिली काळी स्त्री म्हणून त्यांची नोंद आहे.

1950 ते 1954 या काळात त्यांची टॉर्ची रंगीत पानावर परत आली. त्या मालिकेसोबत ‘टॉर्ची टॉग्ज’ या नावाने कागदी बाहुली येई. काळ्या वर्णाची, ताठ मानेची, नीटनेटक्या पोशाखाची टॉर्ची आणि तिचे कापून घालायचे कपडे. फडके नाही, झाडू नाही. मालिकेतली टॉर्ची नोकरी करते, फसवणाऱ्याला सोडते, कारखान्याच्या विषारी सांडपाण्याविरुद्ध उभी राहते. अठवड्याची मजुरी आणणाऱ्या घरातल्या मुलीने पानातून ती बाहुली कापली, म्हणजे आपल्यासारखी दिसणारी, मान असलेली एक बाई तिच्या हातात आली. त्याआधी 1947 साली ऑर्म्स यांच्या पॅटी-जो या दुसऱ्या पात्राची खरी बाहुलीही बाजारात आली होती. ऑर्म्स 1985 साली वारल्या. तोवर त्यांचे काम बरेचसे विस्मरणात गेले होते. नॅन्सी गोल्डस्टीन या बाहुल्यांच्या संग्राहक व अभ्यासक बाईंनी पॅटी-जोचा माग काढत त्यांचे चरित्र लिहिले. ते 2008 साली प्रसिद्ध झाले. 2018 मध्ये चित्रमालिकाकारांच्या आयस्नर सन्मान-दालनात ऑर्म्स यांचे नाव गेले. कपाटात जपलेली एक बाहुली नसती तर हा शोध सुरू झाला नसता.

संग्राहक काय शोधतात?

कागदी बाहुलीची गंमत अशी की ती खेळण्यासाठी कापावी लागते, आणि कापली की तिचे पान संपते. म्हणून न कापलेले पान दुर्मिळ आणि मोलाचे. त्याखालोखाल सगळ्या कपड्यांसह पूर्ण असलेला संच. पट्ट्या तुटलेल्या, कपडे हरवलेले असे तुकडे स्वस्त मिळतात. काही संग्राहक तेच हौसेने घेतात, कारण कापणाऱ्या मुलीने स्वतः रंगवलेला एखादा झगा त्यात सापडतो.

जुन्या छपाईच्या नव्या प्रतीही विकल्या जातात. भिंग लावून बघावे. नव्या ऑफसेट छपाईत रंगाचे ठिपके रांगेत, एकसारखे दिसतात. शिळाछपाईत ते वेडेवाकडे असतात. कागद फार पांढराशुभ्र असेल तर विकणाऱ्याला दोन प्रश्न जास्त विचारावेत.

वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा असतो. त्यातच आम्ल असते, म्हणून तो उन्हाने व हवेने पिवळा पडतो आणि शेवटी पापडासारखा मोडतो. आम्ही कारकुनी करणारी माणसे. जुन्या फायली हाताळताना टाचणीचा गंज कागद कसा खातो, हे रोज बघतो. तो अनुभव घरातही उपयोगी पडेल म्हणून काही गोष्टी सांगतो.

कागदाला टाचणी, पिना व रबर लावून ठेवू नयेत. फाटले तर चिकटपट्टी लावू नये. तिचा डाग काही वर्षांत काळपट होतो आणि निघत नाही. गरम प्लॅस्टिकचे लॅमिनेशन तर मुळीच करू नये, ते पुन्हा उलगडता येत नाही. घडी घालू नये, सपाट ठेवावे. दोन पानांत कोरा पांढरा कागद घालावा. पेटी जमिनीवर किंवा ओलीच्या भिंतीला टेकवून ठेवू नये. पावसाळा संपला की पेटी उघडून सावलीत हवा द्यावी. कडुनिंबाचा वाळला पाला फडक्यात बांधून कोपऱ्यात ठेवावा, कागदावर पसरू नये. बोटाला थुंकी लावून पान उलटू नये. मागे शाईने लिहू नये. शिसपेन्सिलीने हलक्या हाताने कोणाचे, कुठले, कोणत्या साली, एवढे लिहावे. मोबाईल असेल तर दिवसाच्या उजेडात प्रत्येक पानाचा फोटो काढून दुसऱ्या एका घरीही ठेवावा.

आपल्या पेटीत काय आहे?

कुणी म्हणेल, आमच्याकडे कुठे आल्या लंडनच्या बाहुल्या? खरे आहे. पण पत्र्याच्या पेटीच्या तळाशी काय आहे ते एकदा बघावे. जुने कॅलेंडर, जयंतीच्या मिरवणुकीचे पत्रक, गायनपार्टीच्या गाण्यांची दोन आण्याची पुस्तिका, धम्मदीक्षेच्या वेळी नागपूरला जाऊन आणलेला एखादा फोटो, आजीच्या हातची शाळेची वही. हे सारे कागदच आहेत आणि त्यांवर आपलीच माणसे आहेत. ‘मूकनायक’ 31 जानेवारी 1920 रोजी निघाला, ‘बहिष्कृत भारत’ 3 एप्रिल 1927 रोजी. त्यांच्या प्रती ज्यांनी फळीवर जपून ठेवल्या, त्यांच्यामुळेच आज आपण ते अंक वाचू शकतो. बाकीच्या किती प्रती रद्दीत किंवा चुलीत गेल्या, त्याचा हिशेब कुठल्याच खतावणीत नाही. रद्दीवाला कागद वजनाने घेतो. त्यावर काय छापले आहे ते त्याने बघायचे नसते, आपण बघायचे असते.

मुलींसाठी एक कागदी बाहुली

आता माता-भगिनींसाठी घरचे काम. संपलेल्या वहीचा पुठ्ठा किंवा जाड लग्नपत्रिका घ्यावी. त्यावर वीतभर उंचीची, हात अंगापासून थोडे दूर असलेली मुलगी काढावी. चेहरा आपल्या घरातला असावा, सावळा, गव्हाळ किंवा काळा, जसा असेल तसा. आकृती कापून पातळ कागदाखाली ठेवावी, कडेने रेघ ओढावी आणि त्या मापाचे कपडे काढावेत. खांद्याला व कमरेला बोटाच्या पेराएवढ्या पट्ट्या सोडाव्यात. नाहीतर कपडा बसत नाही, हे मुली विसरतात.

कपडे कोणते करायचे, हा खरा प्रश्न. सणाची साडी असू द्या, हरकत नाही. पण त्याबरोबर वकिलाचा काळा कोट असू द्या, परिचारिकेचा गणवेश, एस.टी. वाहकाची खाकी, डॉक्टरचा पांढरा कोट आणि शेतातले खोचलेले लुगडेही असू द्या. शेतात निंदण करणारी आई मुलीला लाजिरवाणी वाटू नये, म्हणून तोही पोशाख संचात पाहिजे. मुलाने बाहुलीशी खेळायला मागितले तर त्यालाही कात्री द्यावी.

खेळून झाले की एक संच न कापता ठेवावा. मागे शिसपेन्सिलीने मुलीचे नाव, गाव आणि तारीख लिहावी आणि तो पेटीत सपाट ठेवावा. पन्नास वर्षांनी तिची नात पेटी उघडील, तेव्हा आपल्या आजीला आपली बाहुली कशी दिसावी असे वाटत होते, हे तिला त्या कागदावर वाचता येईल.